संडासाच्या दाराशेजारची भिंत: तीन जुन्या चित्रांतून कोणतं निवडावं?

नव्या फ्लॅटमध्ये संडासाच्या दाराशेजारी सार्वजनिक संडासाचं एखादं जुनं चित्र फ्रेम करून लावावं, ही हौस आमच्या घरात माझीच. चाळीत टमरेल घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला तेवढी सूट असावी. शोधाशोध करून तीन चित्रांवर आलो. तिन्ही कलाकार जाऊन शतकाहून जास्त काळ लोटला (इंग्रज व्यंगचित्रकार गिलरे 1815, जपानी चित्रकार होकुसाई 1849, फ्रेंच फोटोग्राफर मारव्हिल 1879), त्यामुळे स्वामित्वहक्काचा प्रश्न नाही. तुम्ही पैसे मोजता ते कागद, शाई आणि चौकटीचे. 'दुर्मीळ' म्हणून कोणी नव्या छपाईचा भाव चढवला तर पुढे चालू लागा.

पहिलं जेम्स गिलरेचं, 1779 चं. लंडनमध्ये नवखा आलेला एक स्कॉटिश माणूस, शेजारी शेजारी दोन भोकांची बैठक, आणि हा गडी दोन्ही भोकांत एकेक पाय घालून बसलाय. कल्पना मुळात गिलरेची नव्हे. 1745 च्या स्कॉटिश बंडाच्या वेळी असंच चित्र निघालं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा आठवलं, गावाकडचे पाहुणे कमोडवर उकिडवे बसतात म्हणून आपणही असेच हसतो. रोज समोर हवं का ते? शिवाय हसू येण्याआधी पाहुण्यांना इंग्लंड-स्कॉटलंडची भांडणं समजावून सांगावी लागतात. एकदा ठीक, दर दिवाळीला नाही.

दुसरं होकुसाईचं, त्याच्या 'मांगा' चित्रसंग्रहाच्या 1834 च्या बाराव्या भागातलं. सामुराई आत बसलाय, बाहेर त्याचे नोकर नाक दाबून उभे. इथे हसू धन्यावर आहे, म्हणून ते शिळं होत नाही, आणि समजावून सांगायला एक शब्दही लागत नाही. पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. पण दोन अडचणी. एक, हा सार्वजनिक संडास नव्हेच. सामायिक संडास होते ते एदोतल्या (म्हणजे जुन्या टोकियोतल्या) 'नागाया'त, म्हणजे तिथल्या चाळींत. तिथला मैला घरमालकाचा. तो शेतकऱ्यांना खत म्हणून विकून मालक कमाई करायचा. (आमच्या चाळमालकाला हे कळलं असतं तर भाडं कमी झालं असतं की वाढलं असतं, सांगवत नाही.) दुसरी अडचण आकाराची. मूळ पान पुस्तकाचं, वहीएवढं. पोस्टरएवढं केलं की रेषा जाड नि ओबडधोबड दिसतात. लहानच घ्या, भोवती रुंद माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, ठेवा.

तिसरं म्हणजे शार्ल मारव्हिलने 1860-70 च्या दशकांत काढलेले पॅरिसच्या रस्त्यांवरच्या मुताऱ्यांचे फोटो. लोखंडी नक्षी, काहींच्या डोक्यावर गॅसचा दिवा, खाली ओला फरसबंद रस्ता. लोक या मुताऱ्यांना 'व्हेस्पासिएन' म्हणत, कारण व्हेस्पासियन नावाच्या रोमन सम्राटाने लघवीवर कर बसवला होता. मोठ्या काचेच्या निगेटिव्हवर काढलेले फोटो असल्याने बरंच मोठं करा, दगडन्‌दगड दिसतो. माणूस मात्र सहसा दिसत नाही. तेव्हा फोटोला इतका वेळ लागे की चालणारे पुसले जात. त्यामुळे कोणावर हसायची सोयच नाही. ही सगळी सोय पुरुषांपुरती, बायकांनी कुठे जायचं याचं उत्तर त्या फोटोत नाही. माझ्या बायकोने हे पहिल्या मिनिटात विचारलं.

मुलं असलेल्या घरात, लहान भिंतीवर होकुसाई. इंग्लंडच्या इतिहासाचं वेड असलेल्या मित्राला भेट द्यायची तर गिलरे, तीही त्याच्या अभ्यासिकेसाठी. रोज पाहायला मारव्हिल.

काहीही घ्या, पण न्हाणीघराच्या आत लावू नका. आपल्या पावसाळ्यात तशीच कागदाला ओल धरते, त्यात गिझरची वाफ. दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके येतात. फ्रेमवाल्याला आम्लरहित माउंट मागा. कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट हवाच, आणि मागची बाजू टेपने नीट बंद करून घ्या. फोटोचा मूळ रंग तपकिरी आहे. 'स्वच्छ' काळापांढरा करून देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा.

आम्ही मारव्हिल घेतला. डोक्यावर दिवा असलेला. आईला पंधरा दिवस तो कुठल्याशा देवळाचा दीपस्तंभ वाटत होता. खरं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग खालून पाण्याची सोय कशी होती ते दिसत नाहीये."