क्रोमचा टॉवेल रेडिएटर आणि थर्मोस्टॅटिक शॉवर, 14 महिन्यांनंतर (आणि तो भिंतीकडे तोंड केलेला व्हेंट)

यातला पहिला अर्धा भाग मी नवव्या महिन्यात रागाच्या भरात लिहून ठेवला होता. तो तसाच ठेवतोय, खोडत नाही. नंतर काय झालं ते खाली आहे.

तर झालं असं की सकाळी अंघोळीला गेलो, टॉवेल रेडिएटरच्या (बॉयलरचं गरम पाणी आत फिरणारी, टॉवेल वाळवायची दांड्यांची शिडी) खालच्या दांड्यांना हात लावला तर चटका बसला आणि वरच्या पाच दांड्या गार, आणि टॉवेल आदल्या दिवशी टाकला तसाच ओलसर. वरून गार म्हणजे आत हवा अडकली, हे ज्यांच्या घरी रेडिएटर आहेत त्यांना सांगायला नको (खालून गार असेल तर गाळ, ते वेगळं प्रकरण). हवा काढणं म्हणजे काही मोठं काम नाही, हॉलमधल्या साध्या पॅनल रेडिएटरला मी दोन मिनिटांत काढतो, हीटिंग बंद करायचं, गार होऊ द्यायचं, चावी लावून पाव फेरा, फुस्स, पाणी आलं की बंद.

पण या महाशयांचा व्हेंट (हवा सोडायचा तो छोटा स्क्रू) मागे आहे. मागे म्हणजे भिंतीकडे तोंड करून. टाइल आणि नळीच्या मध्ये जेमतेम तीन बोटं जागा आणि कंपनीने सोबत दिलेली चावी त्याहून लांब. ज्याने हे डिझाइन केलं त्याने ते भिंतीवर लावून कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही, बहुतेक टेबलावर आडवा ठेवूनच पास केला असणार. समोरून चकचकीत दिसावं म्हणून मागे लपवला म्हणे. अरे पण तो उघडायचा असतो ना!

शेवटी हॅकसॉने चावी अर्धी कापली. एका हातात ती अर्धी चावी, दुसऱ्या हातात खाली फडकं, टॉर्च दातात, आणि बायकोचा छोटा आरसा टाइलला टेकवलेला. आरशात सगळं उलटं, त्यामुळे दोनदा उघडायच्या ऐवजी आणखी आवळला. मग एकदाचं फुस्स झालं आणि मागोमाग शाईसारखं काळं पाणी आलं, फडक्याला चुकवून थेट टाइलच्या सांध्यात. तो डाग अजून तिथेच आहे, ब्लीच झालं, टूथब्रश झाला, काही उपयोग नाही.

आणि हे एकदा नाही. नऊ महिन्यांत सहा वेळा. दर वेळी हवा काढली की बॉयलरचं प्रेशर 0.8 बारपर्यंत उतरलेलं, मग मी फिलिंगचा कॉक उघडून परत 1.2 करायचो. कंपनीला फोन केला तर म्हणाले फिटिंगचा दोष. बसवणाऱ्या प्लंबरला विचारलं तर म्हणाला मालाचा दोष. दोघांनी मिळून मला चेंडूसारखं टोलवलं, त्यात वॉरंटी कार्डाचा फोटो तीनदा मागून घेतला. तेव्हा मी 5 पैकी 1 दिला होता.

आता इथून पुढचं नंतरचं.

अकराव्या महिन्यात दुसरा प्लंबर बोलावला, वयस्कर माणूस. मी आपला आरसा आणि कापलेली चावी घेऊन तयार, तर त्याने व्हेंटकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बसला, लॉकशील्ड व्हॉल्व्हच्या (रेडिएटरच्या खालचा, टोपणाआडचा व्हॉल्व्ह) नटावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. हिरवट-पांढरी पूड. म्हणाला, इथे पाणी झिरपतंय, पण पाइप गरम असतो म्हणून थेंब खाली पडायच्या आतच सुकतो, तुम्हाला ओल कधी दिसणारच नाही, फक्त हे क्षार राहतात.

म्हणजे प्रेशर कमी व्हायचं ते निम्मं तरी त्या झिरपण्यामुळे. मी दर वेळी ताजं पाणी भरायचो, ताज्या पाण्यासोबत ऑक्सिजन आत, त्याने रेडिएटरचं स्टील आतून गंजतं, तोच गंज म्हणजे ते काळं पाणी, आणि गंजताना हायड्रोजन तयार होतो तो वरच्या दांड्यांत जाऊन बसतो. जी मी हवा समजून काढत होतो त्यात हवा किती आणि हा गॅस किती देव जाणे. सहा वेळा काढून सहा वेळा भरलं म्हणजे मीच त्याला खायला घालत होतो!

आणि आता खरी लाजेची गोष्ट. बसवताना पहिल्या प्लंबरने विचारलं होतं, सिस्टम फ्लश करून पाण्यात इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) टाकू का. मी म्हटलं एक टॉवेल रेडिएटर तर बदलतोय, त्यासाठी सगळ्या घराचं पाणी कशाला बदलायचं, उगाच खर्च. नंतर वॉरंटी कार्ड नीट वाचलं तर बारीक अक्षरात तेच, इनहिबिटर नसेल तर आतून गंजल्याची जबाबदारी आमची नाही. दुसऱ्याने नट सोडवून नीट बसवला, सगळी सिस्टम धुतली (आधी निघालेलं पाणी बघून मला माझीच शरम वाटली), इनहिबिटर टाकलं. त्याला तीन महिने झाले, प्रेशर 1.2 वर आहे ते आहे, वरची दांडी गरम. म्हणजे वाचवलेले पैसे दुपटीने गेले, असो.

घेणाऱ्यांसाठी एक, बॉक्सवरचे वॉट बघून भुलू नका. माझ्यावर 600 वॉट लिहिलंय पण ते ΔT50 ला, म्हणजे आतलं पाणी सरासरी 70 अंश आणि खोली 20 धरून. मी बॉयलर 55 वर चालवतो, मग मिळतात त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यावर दोन जाड टॉवेल टाकले की खोलीला उरतं काय. शिवाय क्रोम. त्याच मापाचा साधा पांढरा रंगवलेला घेतला असता तर जास्त उष्णता मिळाली असती, क्रोमच्या चकचकीत पृष्ठभागातून ती कमी बाहेर पडते. मला हे माहीत नव्हतं, मला फक्त नळांशी मॅच करायचं होतं.

शॉवरबद्दल मात्र तक्रार नाही आणि खरं तर तो मी नाखुशीनेच घेतला होता, साध्या मिक्सरने काय बिघडलं होतं म्हणून. पण स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला तरी अंगावर गरम-गार होत नाही, नॉब लाल बटण दाबल्याशिवाय 38 अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे पोरगं एकटं अंघोळ करतं आणि मी बाहेर निवांत. दहाव्या महिन्यात धार बारीक झाली तेव्हा वाटलं झालं, याचंही सुरू. पण नुसत्या आत येणाऱ्या दोन्ही बाजूंच्या जाळ्या क्षारांनी भरल्या होत्या, काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास, परत नव्यासारखी धार. (ते पाणी क्रोमवर सांडून ठेवू नका, डाग पडतो, विचारू नका कसं कळलं.) आमच्या पाण्यात क्षार जास्त आहेत, तेव्हा हे मी आता वर्षातून दोनदा करणार.

तर शॉवरला 5. रेडिएटरला 1 चे 3 करतोय, कारण गंज माझ्या कंजूषपणाचा होता. उरलेले 2 व्हेंटचे कापले आणि ते परत देणार नाही. कंपनीला शेवटचा मेल टाकला होता की बाजूला तोंड असलेला व्हेंट तरी पाठवा, आटे तेच आहेत, मी बसवून घेतो. गेल्या आठवड्यात पाकीट आलं. उघडलं तर आत चावी. नवीन, फुकट, तेवढ्याच लांबीची.