चौदा अंकांवर ठेवलेला विश्वास

आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम गेल्या मे महिन्यात नौपाड्यातील एका छोट्या सभागृहात झाला. साठ-पासष्ट माणसांचे जेवण सांगायचे होते. ज्या केटररला आम्ही ते सांगितले, त्याने आपल्या स्वयंपाकघरात बोलावून आम्हाला मसालेभात, अळूची भाजी आणि बासुंदी चाखायला दिली होती. ओटा लखलखीत होता, बायका डोक्याला टोप्या घालून पोळ्या लाटत होत्या आणि त्याच्या कार्डावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक ठळक छापलेला होता. दहा हजार रुपये आगाऊ दिले. जेवण नेमके याच जागी शिजणार आहे का, हा प्रश्न मात्र मला सुचला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी टेम्पो दीड तास उशिरा आला. बासुंदीचा डबा मी स्वतः उतरवून घेतला. तो थंड असायला हवा होता, पण हाताला कोमट लागला, आणि झाकण उघडले तेव्हा आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. ती वाटणाऱ्या मुलाच्या अंगठ्याला मळकी पट्टी होती. पाहुणे ताटावर बसलेले असताना वाद नको, म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा सल अजून गेलेला नाही.

जेवणे दुपारी दीडच्या सुमारास उरकली आणि साडेचारपासून फोन सुरू झाले. उलट्या, पोटात मुरडा, काहींना जुलाब. रात्रीपर्यंत एकोणीस जण आजारी पडले होते आणि आत्याला सलाइन लावावे लागले. आप्पांनी मधुमेहामुळे बासुंदी घेतली नव्हती. त्यांना काहीही झाले नाही. डॉक्टरांनी आधी वेळ विचारली. जेवणानंतर दोन-चार तासांतच उलट्या सुरू होतात, तेव्हा अन्नात आधीच तयार झालेल्या विषाची शंका घेतात, आणि स्टॅफिलोकोकस हा जिवाणू त्यातला नेहमीचा संशयित. तो माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि पिकलेल्या जखमेत असतो.

केटररला फोन केला, तर तो म्हणाला, “साहेब, दूध दोन तास आटवलंय, जंतू राहतील कसे?” ऐकायला हे बिनतोड वाटते. परंतु दूषित होण्याचा धोका आटवल्यानंतर, गार होताना आणि हाताळताना असतो. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात पदार्थ तासन्‌तास राहिला तर जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि स्टॅफिलोकोकसचे विष एकदा तयार झाले की पुन्हा उकळूनही ते नष्ट होत नाही. पुढे टेम्पोच्या चालकाकडून कळले की सगळे जेवण भिवंडीकडच्या एका गाळ्यात आदल्या रात्रीच झाले होते. आम्हाला दाखवलेले स्वयंपाकघर फक्त चाखवण्यापुरते होते.

कार्डावरचा क्रमांक मी त्यानंतर फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला. दोन मिनिटांचे काम, जे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी करायला हवे होते. क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच एका पोळीभाजी केंद्राच्या नावावर होता. त्याचा पहिला अंक २ होता, म्हणजे ती लहान व्यावसायिकाची नोंदणी होती. परवान्याचा क्रमांक १ ने सुरू होतो. बिलावर हा क्रमांक असणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. आम्हाला मिळाली होती वहीच्या पानावरची कच्ची पावती, तीही बिननावाची.

अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथला पहिलाच प्रश्न होता: उरलेले अन्न आहे का? ते आम्ही घाईघाईने टाकून दिले होते, भांडीही घासून परत गेली होती. बासुंदीची एक वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली असती आणि तिची तपासणी झाली असती, तर दोष बासुंदीचाच होता की नाही याचा निकाल लागण्याची काही आशा होती. आता माझ्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फोनवरील संदेश आणि कोण काय जेवले याची मागाहून केलेली यादी एवढेच आहे.

उरलेल्या अठरा हजारांसाठी त्याचे फोन अजून येतात. क्रमांक छापलेले पक्के बिल पाठवा, लगेच पैसे देतो, असे मी सांगतो आणि तो फोन ठेवतो.