मोत्यांच्या सेलमध्ये 37,200 रुपये गेले. लग्नाची खरेदी करणाऱ्यांनी वाचा

लग्नसराई तोंडावर आली की हॉटेलांचे हॉल भाड्याने घेऊन ‘हैदराबादी मोत्यांचं भव्य प्रदर्शन, फक्त तीन दिवस’ असे बोर्ड लागतात. यंदाही लागतील. अशाच एका हॉलमध्ये माझे 37,200 रुपये गेले. भाचीच्या लग्नात द्यायला तीनपदरी माळ, मधे पेंडल आणि जोडीला कानातले. किंमत सांगितली 62,000, त्यावर 40 टक्के सूट. 10,000 रोख दिले, 27,200 फोनवरून स्कॅन करून.

‘बघून घ्यायचं ना’ असं आता जो तो सुनावतो. बघूनच घेतली होती. मोती दातावर हलकेच घासला की खरा खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत सरकतो, हे मला ठाऊक होतं आणि मी माळ दाताला लावायला मागितलीही. विक्रेता म्हणाला, “दीदी, माळ उष्टी नका करू, दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही दाखवायची असते. हा घ्या सुटा.” त्याने लाल मखमली डबीतून एक मोती काढून माझ्या तळहातावर ठेवला. घासून पाहिला, खरखरीत लागला. मग त्याने त्याच मोत्याखाली लायटर धरला, काजळी अंगठ्याने पुसली, आणि मोती होता तसाच. भोवतीच्या बायका माना डोलवायला लागल्या. तो मोती खराच होता, पण माळेतला नव्हता! त्याचा हात माळेकडे न जाता डबीकडे गेला, तो क्षण आठवला की आजही अंगाची लाही होते. पण गर्दीत, दोन पोरं गोड बोलून एकामागून एक डबे उघडत असताना, कुणाच्या लक्षात आलं असतं? माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शिक्षिका बाईंनीही तिथूनच सेट घेतला.

शिवाय तो सगळंच खोटं बोलत नव्हता. पेंडलवर हॉलमार्क का नाही, विचारलं, तर म्हणाला, दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सक्ती नाही. हे खरं आहे, घरी येऊन तपासलं. पण सक्ती नाही म्हणजे सोनं आहे, असं थोडंच? पेंडल तांब्याचं निघालं, वर मुलामा. आणि हॉलमार्क असता तरी तो सोन्याची शुद्धता सांगतो, मोत्याबद्दल एक अक्षर सांगत नाही. आपल्याकडे जळगावच्या सोन्यावर डोळे मिटून भरवसा ठेवायची सवय आहे, तोच भरवसा हे लोक मोत्यावर वळवून घेतात.

पक्कं बिल मागितलं तर म्हणे तीन टक्के जीएसटी वर, म्हणजे आणखी 1,116 रुपये. मी कच्चं घेतलं. लग्नघरात हजार रुपये कोण वाचवत नाही? तुम्ही मात्र ते भरा. बिलावर ‘मोती सेट’ एवढंच असेल तर तो कागद फाडून फेकण्याच्या लायकीचा. ‘कल्चर्ड’ (माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला), ‘फ्रेशवॉटर’ (गोड्या पाण्यातला) असं जे असेल ते, वजनासकट लिहून घ्या.

पदर थोडे आखूड करायला माळ पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्याकडे दिली, तेव्हा उलगडा झाला. त्याने दोरा कापला, एक मणी भिंगाखाली धरला आणि भोकाच्या कडेला नख लावलं. वरचा चकचकीत पापुद्रा सोलून निघाला, आत काच. “ताई, हाऊ मोती नही शे,” म्हणाला. चांगल्या माळेत दोन मोत्यांमध्ये बारीक गाठ असते, ह्यात एकही नव्हती. सगळे मणी अगदी एकसारखे, एका साच्यातून काढल्यासारखे. खऱ्या मोत्यांत थोडा उन्नीसबीस असतोच.

पुढचा संताप वेगळाच. आमच्या गावचं पोलीस ठाणं म्हणालं, घटना जिल्ह्याच्या ठिकाणी घडली, तिकडे जा. तिकडचे साहेब म्हणाले, “ताई, तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिले, हा दिवाणी मामला आहे.” फसवणूक दिवाणी कधीपासून झाली? जुनं 420 आता भारतीय न्याय संहितेत 318(4) आहे, आणि नव्या कायद्याप्रमाणे हद्द कुणाचीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हे मी त्यांना सांगितलं तर हवालदार हसला. मोबाईलमधला स्क्रीनशॉट कुणी हातात घेऊन पाहिलासुद्धा नाही! बँकेचं म्हणणं, स्कॅन तुम्हीच केलं, पिन तुम्हीच टाकला. हॉटेलच्या मॅनेजरने भाडेकरूचं ओळखपत्र दाखवायला साफ नकार दिला. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली रजिस्टर नोटीस परत आली. वकील म्हणतात, ग्राहक आयोगात जाता येईल, पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता असता तर मी वकिलाकडे कशाला गेले असते? 37,200 रुपयांसाठी कुणालाच खुर्चीवरून उठायचं नाही.

स्कॅन केल्यावर दुकानाऐवजी एखाद्या बाईमाणसाचं खाजगी नाव दिसलं, तर तिथेच थांबा. मला दिसलं होतं. ‘मॅडमचं खातं आहे’ म्हणाले. लॅमिनेट केलेलं ‘सर्टिफिकेट’ दाखवलं, तर प्रयोगशाळेचा रिपोर्ट नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, नंबरच नसेल तर उठा. कुणी ‘बसरा मोती’ (आखातातला नैसर्गिक, फार महागडा मोती) म्हणून ह्या भावात विकत असेल तर ऐकूनही घेऊ नका. बाजारातला जवळपास सगळा खरा मोती आज कल्चर्डच असतो आणि नैसर्गिक की कल्चर्ड हे दात सांगत नाहीत, त्याला एक्स-रे लागतो. तन्मणी, चिंचपेटी, नथ, काहीही घ्या, घासायचा मोती त्याच दागिन्यातला हवा. नाही म्हणाले तर पर्स उचला.

ठाण्यात नोंद झाली नाही म्हणून मी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवलाय, कायद्यात तशी सोय आहे. त्याच हॉलमधून ज्यांनी घेतलं असेल त्यांनी लाजू नका, स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवा आणि आपापला अर्ज पाठवा, पोच घ्या. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे.