ग्रीन वेल्वेट बॉक्सवुड: झाड छान आहे, पण वाढीचा वेग बघून घ्या

कुंपणाला लावलेल्या बॉक्सवुडची (बारक्या पानांचं सदाहरित झुडूप) वॉरंटी नर्सरीने नाकारली म्हणून लिहायला बसलेय. बिल आहे, फोटो आहेत, वर्षही झालेलं नाही, पण "किडीने गेलेलं झाड कव्हर होत नाही" एवढंच ऐकवलं. बॉक्स ट्री मॉथ, म्हणजे ज्याच्या अळ्या बॉक्सवुड खातात तो पतंग, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोच इथे टोरांटोत, २०१८ मध्ये, मग इथे बॉक्सवुड विकणाऱ्याने विकताना त्या अळीबद्दल चकार शब्द काढू नये याचा मला खरंच राग आलाय.

झाडाबद्दल म्हणाल तर तक्रार नाही. कोरियन आणि युरोपियन बॉक्सवुडचा हा संकर ऑन्टॅरिओतच तयार झालाय, त्यामुळे थंडी सोसतो, आणि बाहेर नुसत्या काड्या उभ्या असतात त्या महिन्यांत दारासमोर हिरवं दिसतं त्याचं मोल इथे राहणाऱ्यालाच कळेल. हरणांनी शेजारचे होस्टा (मोठ्या पानांची शोभेची झाडं) फस्त केले पण याला तोंड लावलं नाही, पानं विषारी असतात ना, घरात कुत्रं असेल तर तेवढं सांभाळा. जमीन गोठायच्या आधी भरपूर पाणी द्या आणि वाऱ्याच्या बाजूला बर्लॅप (तागाचं जाडंभरडं कापड) लावा, नाहीतर पानं तपकिरी पडतात.

आता मुख्य मुद्दा, वाढ. वर्षाला जेमतेम दोन-तीन इंच. पुण्यात आईकडे ड्युरांटाचं कुंपण आहे, पावसाळ्यात त्याला सारखी कात्री लावावी लागते, इथे वर्षातून एकदा जूनमध्ये हलकी छाटणी केली की झालं, म्हणून सुरुवातीला मी सगळ्यांना हेच घ्या म्हणून सांगत होते. दुकानात छोटी कुंडी आणि मोठी कुंडी यांच्या किमतीत एवढा फरक का तेही यातच आलं, आपण इंचांचे नाही, नर्सरीने सांभाळलेल्या वर्षांचे पैसे देतो.

आणि अळी नेमकी तीच वर्षं खाते!! बाहेरून झाड ठीक दिसतं, फांद्या बाजूला केल्या की आत जाळं, हिरव्या लेंड्या आणि काळ्या पट्ट्यांच्या, काळ्या डोक्याच्या हिरव्या अळ्या. पानं संपली की साल खातात, साल गेली की ती फांदी गेली. आमच्या ओळीतली कडेची दोन झाडं तशीच गेली, बाकीच्यांना पालवी फुटतेय पण पहिला आकार यायला कितीतरी वर्षं लागणार, म्हणून आधी जो गुण वाटला तो आता मला या झाडाचा सगळ्यात मोठा दोष वाटतो. झपाट्याने वाढणारं असतं तर एका मोसमात भरून निघालं असतं.

उपाय आहे, बीटीके, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक. अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं म्हणून फवारा झाडाच्या आतपर्यंत मारायचा, अळ्या लहान असतानाच मारायचा, पाऊस पडून धुतला गेला तर परत मारायचा. वर्षात दोन-तीन पिढ्या होतात आणि शेवटची पिढी पानांच्या मध्ये जाळं विणून हिवाळा काढते, त्यामुळे बर्फ वितळला की लगेच आत हात घालून बघा.

गेलेल्या दोन झाडांच्या जागी मी बॉक्सवुड लावणार नाही, बुटका यू (सुईसारख्या पानांचं सदाहरित झुडूप) लावणार. महाग आहे, बॉक्सवुडपेक्षाही जास्त विषारी आहे आणि हरणं तो खातात, पण ही अळी त्याला लागत नाही.