नोटपॅड, नोटपॅड प्लस प्लस की व्हीएस कोड: नवशिक्याने फाइल कुठे सेव्ह करावी?

इंदूरला रामबागेत संध्याकाळी शेजारची चार-पाच मुलं माझ्याकडे जावा आणि सी शिकायला बसतात. त्यांच्यासाठी हे तिन्ही एडिटर, म्हणजे कोड लिहायचे प्रोग्रॅम, वापरून झाले आहेत.

नोटपॅडची बाजू आधी. वेगळं काही टाकावं लागत नाही, जुन्या कॉम्प्युटरवरही झटकन उघडतं. म्हणून मी सुरुवात त्यातच करून देत असे. मग एकदा माझी भाची अडकली. क्लासचं नाव ‘नमस्कार’, फोल्डरमध्ये फाइल दिसतेय ‘नमस्कार डॉट जावा’, आणि कंपायलर (लिहिलेला कोड कॉम्प्युटरला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम) म्हणतोय, फाइल सापडली नाही. “मामा, बघा ना, इथेच तर आहे!” स्पेलिंग तपासलं, फोल्डर बदलला. आपला कोडच चुकला असं समजून तिने तो दोनदा पुसून पुन्हा लिहिला. अर्ध्या तासाने कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) फाइलींची यादी काढली तेव्हा कळलं, फाइल होती ‘नमस्कार डॉट जावा डॉट टीएक्सटी’. नोटपॅडने मागे शेपूट जोडलं होतं, आणि ओळखीची एक्स्टेन्शन्स (फाइलच्या नावात शेवटच्या डॉटनंतर येणारी ही शेपटं) लपवायची विंडोजची मुळातली सेटिंग असल्यामुळे ते दिसत नव्हतं.

उपाय आहे. सेव्ह करताना खालच्या यादीत ‘ऑल फाइल्स’ निवडायचं, किंवा पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचं. पण प्रत्येक नव्या फाइलला हे आठवणीने करायचं, आणि शिकणारं मूल नेमकं तेच विसरतं. विंडोज ११ मध्ये फोल्डरच्या ‘व्ह्यू’मधल्या ‘शो’त जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण मात्र पहिल्याच दिवशी करा, एडिटर कोणताही असो.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये नाव बरोबर दिलं की सेव्ह होताक्षणी अक्षरांना रंग चढतात. रंग आले नाहीत तर नावात काहीतरी चुकलंय, हे मुलाला न सांगता कळतं. सगळंच रंगावरून कळत नाही म्हणा. सी प्लस प्लसचा कोड ‘डॉट सी’ नावाने ठेवला तरी रंग येतातच, आणि जीसीसी हा कंपायलर मग तो कोड सीचा समजून, सी प्लस प्लसची ‘आयओस्ट्रीम’ ही फाइल सापडत नाही म्हणून थांबतो. पण टॅबवर पूर्ण नाव लिहिलेलं असतं, तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

व्हीएस कोडही नाव पूर्ण दाखवतो, नावाशेजारी भाषेचं चिन्हही देतो. पुढे कामाला तोच येतो, यात शंका नाही. फक्त माझ्याकडच्या चार जीबीच्या लॅपटॉपवर तो रेंगाळतो. शिवाय तिथे ‘एक्स्टेन्शन’ म्हणजे वरून जोडायची सोय. “एक्स्टेन्शन नीट टाक” म्हटलं की मुलं त्या सोयींचं दुकानच उघडून बसतात, आणि मला दोन अर्थ समजावत बसावं लागतं.

तुमच्याकडे नवा लॅपटॉप असेल आणि शेजारी कोणी सांगणारं असेल, तर थेट व्हीएस कोड घ्यायला हरकत नसावी. माझ्याकडे पहिले दोन-तीन महिने नोटपॅड प्लस प्लसच असतो. भाची आता सेव्ह केल्यावर आधी रंग बघते, मग टॅबवरचं नाव वाचते, आणि मगच कंपाइल करते.