प्रोसेसर कोणता, ५५००, ५६००, ५६००जी की १२४००? कॅशच्या आकड्याला भुलण्याआधी हे वाचा

भाच्याला यंदा इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि घरात पीसीचा विषय निघाला, म्हणून दाजी, भाचा आणि मी असे तिघं सांगलीत विश्रामबागला एका दुकानात गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका हा प्रोसेसर घ्या, ह्यात कॅश जास्त आहे." दाजी लगेच, "मग कॅश दिली तर किती कमी करणार?" दुकानात सगळे हसले, पण खरं सांगतो, त्या पोरालाही कॅश जास्त म्हणजे नक्की काय जास्त हे सांगता आलं नाही, आणि माझा स्वतःचा हात एकदा इथंच भाजलाय म्हणून एवढं टाइप करतोय.

आधी कॅश म्हणजे काय ते. ती प्रोसेसरच्या आतली छोटी पण झटपट मेमरी, तिच्या पायऱ्या एल१, एल२, एल३. संध्याकाळी भडंगाच्या गाड्यावर बघा, गाडेवाल्याच्या हाताशी कांदा, कोथिंबीर, लिंबू चिरून वाटीत असतं, ते झालं एल१. गाड्याच्या खालच्या फळीवर डबे, ते एल२. मागं पोतं ठेवलेलं असतं त्यातून गाड्यावरचे सगळेच जण घेतात, ते एल३. आणि पोत्यातलंही संपलं तर पोराला सायकलवरून गणपती पेठेत पिटाळायचं, ती रॅम. पोरगा येईपर्यंत गाडेवाला हात बांधून उभा, गिऱ्हाईक तोंडाकडं बघतंय. प्रोसेसरचंही असंच होतं, एल१ मधून माल ४-५ ठोक्यात (क्लॉकची एक टिकटिक म्हणजे एक ठोका) मिळतो, एल२ मधून साधारण १२-१५, एल३ ला ४० ते ७०, आणि रॅमपर्यंत जायचं म्हटलं की ७०-८० नॅनोसेकंद, म्हणजे ४.४ गिगाहर्ट्झवर तीनशेच्या वर ठोके नुसतं वाट बघण्यात जातात. गिगाहर्ट्झ कितीही असू दे, माल हाताशी नसेल तर काय उपयोग.

आता आकड्यांची गंमत. एएमडी जाहिरातीत एल२ आणि एल३ ची बेरीज सांगतं, इंटेल एल२ वगळून सांगतं. म्हणून रायझेन ५ ५६०० चा आकडा ३५ एमबी दिसतो (३ एल२, ३२ एल३) आणि कोअर आय५-१२४०० चा फक्त १८, पण १२४०० मध्ये एल२ चे ७.५ एमबी वेगळे आहेत ते कोणी बोलतच नाही, एका कोअरला (प्रोसेसरच्या आतला एक कामगार समजा) १.२५ एमबी, ५६०० मध्ये अर्धाच एमबी. म्हणजे एकाच्या खालच्या फळीवर डबे जास्त आणि दुसऱ्याचं मागचं पोतं मोठं. दोन्ही ६ कोअर १२ थ्रेड, दोन्ही २०२२ चे, दोन्हींचा बूस्ट (जास्तीत जास्त वेग) ४.४ गिगाहर्ट्झ, आणि गेममध्ये दोघं इतके जवळ जवळ चालतात की ह्या दोघांत कॅशवरून भांडण्यात अर्थ नाही. वेगळ्या कंपनीचे कॅशचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचेच नाहीत. खात्री पटत नसेल तर रायझेन ५ ५५०० बघा, त्याचा आकडा १९, १२४०० चा १८, आणि तरी गेममध्ये १२४०० त्याला सरळ मागं टाकतो.

कॅश बघायची ती एकाच घराण्यात, आणि माझा हात भाजला तो इथंच. मला दुकानदार म्हणाला होता "५५०० घ्या, ५६०० आणि हा सेमच आहे, फक्त स्पीड जरासा कमी." घरी आणून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं, तर खाली एल३ पुढं १६.० एमबी. ५६०० ला तिथं ३२ दिसतं. नावात शंभराचा फरक आणि पोतं अर्धं! कारण ५५०० हा खरं म्हणजे ५६००जी ची (आत ग्राफिक्स असलेल्या रायझेनची) चिप आहे, नुसतं ग्राफिक्स बंद केलेलं. वरून पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाकडं जाणारा रस्ता) जुन्या ३.० पिढीचा, त्यामुळं ज्या स्वस्त ग्राफिक्स कार्डला त्या रस्त्याच्या चारच लेन असतात (उदा. आरएक्स ६५०० एक्सटी) ते ह्यावर अजून गुदमरतं.

पण म्हणून सगळ्यांनी कॅशच्या मागं पळायचं का, तर नाही. गेममध्ये डेटा इकडं तिकडं विखुरलेला असतो, पुढच्या क्षणाला काय लागेल सांगता येत नाही, तिथं मोठी कॅश कामाला येते. थ्रीडी रेंडर, व्हिडिओ एक्सपोर्ट असल्या कामात माल ओळीनं येत राहतो, तिथं फारसा फरक पडत नाही. रायझेन ७ ५८००एक्सथ्रीडी हे ह्याचं बेस्ट उदाहरण, ९६ एमबी एल३, पण क्लॉक साध्या ५८००एक्स पेक्षा कमी, त्यामुळं गेममध्ये तो पुढं आणि रेंडरिंगमध्ये थोडा मागंच. टॅली, एक्सेल, जीएसटी एवढंच असेल तर आय३-१२१०० घ्या आणि उरलेल्या पैशात चांगली एसएसडी टाका, विषय संपला.

खरा प्रश्न कॅशच्या आधीचा आहे, ग्राफिक्स कार्ड घेणार का? ५६०० आणि ५५०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. (१२४००एफ चं पण तेच, तो एफ नीट बघा, बिलात बारीक लिहितात.) कार्ड कधीच घेणार नसाल आणि थोडंफार गेमिंग करायचं असेल तर ५६००जी, त्याचं ग्राफिक्स १२४०० च्या यूएचडी ७३० पेक्षा बरंच चांगलं, फक्त रॅमच्या दोन स्टिक टाका, एकच टाकली तर ग्राफिक्स निम्म्या वाटेवरच दमतं कारण ते रॅमच वापरतं. कार्ड आजच घेताय तर ५६०० किंवा १२४००एफ, जो बोर्डसकट स्वस्त पडेल तो. कार्ड नंतर घेणार असाल तर साधा १२४००, तोवर काम अडत नाही आणि नंतर अर्ध्या कॅशचा पश्चात्तापही नाही, शिवाय व्हिडिओ एडिटिंगला त्याचं क्विक सिंक (आतल्या ग्राफिक्समधली व्हिडिओची खास सोय) उपयोगी पडतं. माझं मत विचाराल तर ह्या चौघात ५५०० एकट्यालाच मी हात लावणार नाही, फारच स्वस्त मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

भाच्याचं कार्ड दिवाळीत, तेव्हा १२४०० घेतला. दाजींना घाई झाली होती पण मी म्हटलं थांबा, इथंच चालू करून दाखवू दे. टास्क मॅनेजरमध्ये एल१ ४८० केबी, एल२ ७.५, एल३ १८.० दिसलं, भाच्यानं स्क्रीनचा फोटो काढला आणि मगच दाजींनी पाकीट बाहेर काढलं.