टॅबलेट की कागद?
टॅबलेटवर चित्र काढताना रेघ चुकली की अन्डू, म्हणजे ती लगेच मागे घेता येते. स्केचिंगच्या सरावाला हे झकास, शंभर रेघा मारा, कागद वाया जात नाही. पण त्या सोयीने हात सैल पडतो, हे स्वतःवरून सांगते.

जलरंगात हिशेब उलटा. डिजिटलमध्ये चकाकी शेवटच्या लेयरवर (चित्राच्या सगळ्यात वरच्या थरावर) टाकता येते. इथे पांढरं म्हणजे कोराच ठेवलेला कागद, म्हणून उजेड कुठे हे ब्रश भिजवण्याआधीच ठरवावं लागतं. शिवाय रंग वाळला की फिकटतो, तेव्हा ओला असताना जरा गडदच लावा. रंग स्वस्तातले चालतील, कागदावर मात्र कंजुषी नको: ३०० जीएसएमचा (ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे जाडसर) घ्या, पातळ कागद पाण्याने फुगून त्याला लाटा येतात.

माझा कौल कागदाला. लोकलच्या गर्दीत अर्थात टॅबलेटच.